उसाचा भाव जिनिव्हात ठरवायचा का?

कृष्णाकाठ
14 डिसेंबर 2021 रोजी जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या निवाडा मंडळाने ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवर भारताविरुद्ध निकाल दिला. 2014-15 ते 2018-19 असे सलग पाच हंगाम आपण ऊस उत्पादकांना मर्यादेबाहेर आधार दिला, असा ठपका आहे. मर्यादा किती, तर पिकाच्या एकूण मूल्याच्या 10 टक्के. साखर निर्यातीचे अनुदानही नियमबाह्य ठरले.

आपली बाजू साधी होती. एफआरपीचा, म्हणजे सरकारने बांधून दिलेल्या उसाच्या किमान भावाचा पैसा कारखाना देतो, सरकार ऊस विकत घेत नाही. मंडळ म्हणाले, भाव सरकारने बांधून दिला ना, मग तो आधारच. आणि या आधाराचे मोजमाप आजच्या बाजाराशी नाही, 1986 ते 1988 मधल्या भावाशी!

आमच्या शिरोळ भागात लागण घालताना माणूस एवढेच बघतो की तोड वेळेत मिळेल का आणि चौदा दिवसांत बिल जमा होईल का. त्याच्या या एका आधारावर हात टाकायचा अधिकार कुणाला? घटनेने शेती राज्यांकडे दिली आहे. करार मात्र केंद्र सरकार करते, त्याला संसदेचीही संमती लागत नाही, विधानसभेला तर कुणी विचारतच नाही. भारताने अपील केले ते योग्यच केले. व्यापारात सहकार्य जरूर करावे, पण कुणाच्या पिकाला किती भाव हे ठरवायची सही आपण बाहेर देऊन बसलो, ही चूक होती असे माझे ठाम मत आहे.

ठाणेकर
दादा, बंदूक लावून कुणी सही घेतली नव्हती. 1995 पासून आपण संस्थापक सदस्य आहोत. बाहेर पडायचे तर सहा महिन्यांची नोटीस पुरते. तीस वर्षांत एकाही सरकारने ती दिली नाही, कारण नियम नसलेल्या बाजारात सगळ्यात आधी आपल्यासारखेच भरडले जातात. याच ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानावर तक्रार केली, जिंकली, आणि 2014 मध्ये अमेरिकेला 30 कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली. संघटना नसती तर ब्राझीलला कुणी दारात उभे केले असते?

अपिलाचेही सांगतो. अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका अडवल्याने अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून बंद आहे. तिथे अपील म्हणजे प्रकरण अधांतरी ठेवणे. उद्या आपण जिंकलेला निकाल समोरचा देश असाच लटकवेल तेव्हा कुठल्या तोंडाने बोलणार?

पांढरकवडा
ठाणेकर, तुम्ही कापसाचं नाव काढलं म्हणून लिहितो. ते 30 कोटी डॉलर गेले ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला. आमच्या यवतमाळात काय आलं? अमेरिकेनं पैसे टाकून तक्रार मिटवली, तिथल्या शेतकऱ्याला मदत वेगळ्या नावानं चालूच राहिली. पैसेवाल्यासाठी निकाल म्हणजे दंडाची पावती हो, फाडली की मोकळा.

अन् मर्यादाही सारखी कुठं आहे? ज्या देशांनी आधीच भरमसाठ अनुदान दिलं होतं त्यांना जास्तीचा कोटा बांधून मिळाला. अमेरिकेला वर्षाला 1910 कोटी डॉलर. भारताला 10 टक्क्यांवर शून्य. ज्यानं पहिल्यापासून जास्त खाल्लं त्याचंच ताट मोठं ठेवलं, याला मी सहकार्य नाही म्हणत.

लाल बिल्ला
मी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभा ऐकत वाढलो. ज्यातून ही व्यापार संघटना उभी राहिली त्या डंकेल प्रस्तावाला सगळे शिव्या देत होते तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूने त्याचे स्वागत करणारा हा माणूस. त्यांचा मुद्दा 'उणे सबसिडी'चा होता: शेतकऱ्याला लुटते ते आपलेच सरकार, निर्यात अडवून, भाव पाडून.

कृष्णाकाठ, तुम्ही सार्वभौमत्व म्हणता, ते कुणाचे? 2021-22 च्या हंगामात निर्यात अनुदान नव्हते, तरी देशातून विक्रमी साखर बाहेर गेली. जून 2022 पासून निर्यातीवर बंधन आले. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, ज्या कारखान्यांनी कर्ज काढून प्रकल्प उभे केले त्यांचे हात बांधले. हे दोन्ही निर्णय दिल्लीचे. जिनिव्हाने भाव पाडला असे एक तरी वर्ष दाखवा.

कृष्णाकाठ
बिल्लेवाले काका, हे मला मान्य आहे, आणि ते लागतंही. इथेनॉलबंदीच्या त्या हंगामाचा राग अजून गेलेला नाही.

पण दिल्लीशी भांडता येते. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागणी होते, हायवे अडतो, वाहने रोखली जातात, निवडणुकीत हिशेब होतो. इथेनॉलची ती बंदी पुढच्या हंगामासाठी उठलीच ना? जिनिव्हात मी कुणाची ट्रॉली अडवू? माझा आक्षेप तिथेच आहे.

पेडण्याची
मध्येच लिहिते, विषय औषधांचा असला तरी. याच संघटनेच्या करारामुळे 2005 पासून औषधांना उत्पादन पेटंट द्यावे लागले. पण संसदेने पेटंट कायद्यात 3 (ड) कलम घातले: जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट नाही. त्यावरच 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधावरचा दावा फेटाळला. महिन्याला लाखाच्या वर जाणारा खर्च जेनेरिकमुळे दहा हजारांच्या आत आला. माझ्या मावशीने त्या गोळ्या घेतल्या आहेत, म्हणून मला हे कलम पाठ आहे. करारात राहूनही संसदेला हे जमले. मग उसाला अशी वाट कुणी का शोधली नाही?

ठाणेकर
ताई, वाट आहे. पिकाच्या भावाशी न जोडता थेट खात्यात मदत दिली तर 10 टक्क्यांची मर्यादा लागत नाही. पीएम-किसानसारखी. भाव बाजारावर सोडा आणि आधार खात्यात द्या, कुणी तक्रार करू शकणार नाही.

कृष्णाकाठ
पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये. 2025-26 च्या 355 रुपये क्विंटल एफआरपीने ते पावणेदोन टन उसाचेही पैसे होत नाहीत. आमच्याकडे एकरी चाळीस टन निघतो. भाव सोडायला सांगता, तर खात्यात किती येणार तो आकडा आधी सांगा, आणि तो दरवर्षी वाढेल हे कुठल्या कायद्यात लिहिणार तेही सांगा.