मदत हवी आहे : जन्मवेळची शिल्लक महादशा हाताने कशी काढावी?

सर्व जाणकारांना नमस्कार. संगणकाने आयत्या दिलेल्या दशांमागील गणित स्वतःला उमजावे, या इच्छेने मी विंशोत्तरी दशेचा (जन्मनक्षत्रावरून आयुष्यातील काळ ग्रहांना वाटून देणाऱ्या १२० वर्षांच्या चक्राचा; प्रत्येक ग्रहाचा वाटा म्हणजे त्याची महादशा) अभ्यास सुरू केला आहे. कृत्तिका नक्षत्र मेष राशीच्या २६ अंश ४० कलांपासून वृषभ राशीच्या १० अंशांपर्यंत पसरलेले असल्याने, जन्मकाळी चंद्र वृषभेत ३ अंश २० कलांवर असेल तर निम्मे नक्षत्र भोगून झाले आणि कृत्तिकेचा दशास्वामी असलेल्या रवीच्या ६ वर्षांपैकी ३ वर्षे उरली, इथपर्यंत उलगडा होतो. मात्र पंचांगावरून भयात-भभोग (जन्मापर्यंत नक्षत्राचा सरलेला काळ आणि नक्षत्राचा एकूण काळ) मांडल्यास, चंद्राची गती सारखी नसल्याने, उत्तर किंचित वेगळे येते. नवशिक्याने कोणती रीत प्रमाण मानावी, आणि दशावर्ष ३६० दिवसांचे धरावे की सौर वर्षाचे, हे कृपया सोदाहरण समजावून सांगावे.