हलकं काम म्हणून दिलं, तेच जड जातंय: काय करावं?

कृष्णाकाठची (सांगली):

नमस्कार मंडळी. मी इथल्या एका कॉलेजात संशोधन कक्षात आहे. प्राध्यापक नाही. सरांचा पेपर छापून आला, सत्कार झाला, पेढे वाटून झाले की आमचं काम सुरू होतं. त्या संशोधनाचा कॉलेजच्या फाटकाबाहेर कुणाला काय उपयोग झाला ते हुडकायचं, त्याचा पुरावा आणायचा आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाईलला लावायचा.

चार वर्षांपूर्वी मला संधिवात निघाला, ऱ्हुमॅटॉइड. शनिवारी रात्री त्याचं औषध, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. रविवार मळमळीत जातो. रोज सकाळी कपाच्या कानात बोट शिरत नाही म्हणून चहा दोन्ही तळव्यांत धरून पिते. अकरा वाजेपर्यंत बोटं माझी नसतात. दुपारी मात्र मी बांधावरून चालू शकते, आणि चालतेच.

आता घोळ ऐका. नदीकाठच्या एका गावात बरीच जमीन क्षारपड आहे. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून पाजून मीठ वर आलंय, उन्हाळ्यात रान पांढरं दिसतं. आमच्या एका सरांनी तिथल्या मातीचे नमुने तपासून जमिनीखाली निचऱ्याचे सच्छिद्र पाईप किती अंतरावर टाकायचे त्याचा हिशेब काढून दिला. काही शेतकऱ्यांनी त्याप्रमाणे पाईप टाकले. याचा पुरावा काय? मी म्हटलं, कारखान्याच्या काटा पावत्या. पाईप टाकायच्या आधी त्या रानातून किती टन ऊस गेला आणि नंतर किती. एका आजोबांच्या घरी गेले, तर जुन्या पावत्या २०१९ च्या महापुरात वाहून गेलेल्या. आजोबाच म्हणाले, "पोरी, माझ्या पावत्या गेल्या, कारखान्याचं दप्तर थोडंच गेलंय!" ही गोष्ट मला ऑफिसात बसून कधी कळली असती?

याच सुमारास मी वरिष्ठांना आजार सांगितला. त्यांनी माणुसकीनंच ऐकलं, ते नाकारत नाही. म्हणाले, "मॅडम, तुम्ही आता उन्हातान्हात फिरू नका, बसून हलकं काम करा." हलकं काम म्हणजे एनआयआरएफसाठी, म्हणजे कॉलेजांच्या देशपातळीवरच्या क्रमवारीसाठी, सगळ्यांचे पेपर, डीओआय (पेपरचा ओळख क्रमांक), सायटेशन (पेपरचा दाखला कितींनी दिला) एक्सेलमध्ये भरायचं. तेही सकाळी दहाला, कारण सर्व्हर तेव्हा मोकळा असतो! गावभेटी एका नव्या मुलाला दिल्या. मुलगा चांगला आहे, पण येताना बॅनरसकट जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो आणि सरपंचांचं "ग्रामस्थांना लाभ झाला" असं पत्र घेऊन येतो. काटा पावतीची आठवण त्याला कोण करून देणार?

बोलून टाइप करून पाहिलं. मी "निचरा" म्हणते, मोबाईल "नखरा" लिहितो.

प्रश्न एवढाच. सोयीचं काम मागतेय असं न वाटता हे उलटं कसं करून घेऊ?

---

घाटावरचा (सातारा):

ताई, मला आतड्याचा आजार आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस. नोकरी ग्रंथालयात. पहिल्या अर्जात मी दोन पानं आजारच लिहिला होता. साहेबांना दया आली आणि मला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. दुसऱ्या अर्जात आजाराचं नाव एकदाच लिहिलं, बाकी सगळ्या वेळा: अमुक वेळेत अमुक काम होतं, अमुक होत नाही, त्या वेळेत त्याऐवजी हे करीन. तो मंजूर झाला.

तुमच्या बाबतीत अदलाबदल सरळ आहे. सकाळची नोंद त्या मुलाकडे, दुपारची गावं तुमच्याकडे. सकाळी तुम्ही फोनवर शेतकऱ्यांशी बोलायचं आणि बोलणं त्यांना विचारून रेकॉर्ड करायचं. बोटं लागत नाहीत. आणि अर्जात "हलकं" हा शब्द येऊ देऊ नका.

---

कलमबहाद्दर:

कायद्याचं थोडं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन नावानिशी आहेत, संधिवात नाही. सांध्यांत कायमचा दोष राहिला तर तो चलनविषयक दिव्यांगत्वात मोजतात, आणि आरक्षणासारखे बरेच लाभ ४० टक्क्यांपासून पुढे. तुमचं कॉलेज अनुदानित असेल तर ते कलम २० खाली येतं, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्याला कामात वाजवी सोय द्यायची. कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण तर खासगी संस्थेनंही जाहीर करायचं असतं. ते मागून बघा, बहुतेक कपाटात असेल. पण खरं सांगू? पहिल्याच दिवशी कलम दाखवलं की माणसं आखडतात. आधी वरच्या भावाचा अर्ज.

---

निवृत्त मास्तर (मिरज):

पावत्या कोण वाचतं हो? समिती येते, फोटो बघते, जेवते, जाते. पत्र पुरतं. उगाच हाडं झिजवू नका.

---

माहेर_वाई:

मास्तर, पत्रावर भागतं म्हणून तर सगळ्या फाईली एकसारख्या दिसतात. मी इंग्लंडात एका विद्यापीठात हेच काम करते. इथे २०१४ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात, म्हणजे आरईएफमध्ये, संशोधनाच्या समाजावरील परिणामाला २० टक्के वजन होतं, २०२१ मध्ये ते २५ झालं. एका परिणामाची कहाणी पाच पानांत बसवायची आणि प्रत्येक दाव्यामागे पुरावा. तुमची काटा पावती इथे सोन्यासारखी धरतील.

गंमत अशी की २०२१ ला आजारी संशोधकांना सवलत होती, पेपर कमी दिले तरी चालायचे. कहाणी लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांचा त्यात विचारच नव्हता. मला ल्युपस आहे, तोही सांधे धरणारा, थकवणारा आजार. शेवटचे तीन आठवडे पडदे लावून, पलंगावर बसून काढले. त्यानंतर एक सवय लावून घेतली. पुरावा शेवटी गोळा करायचाच नाही. काम सुरू होतानाच शेतकऱ्याला विचारून ठेवायचं: आत्ता किती पिकतं, आणि हे कुठे लिहिलेलं सापडेल? मुदतीच्या तोंडावर अंग दगा देणारच असं धरूनच चालायचं.

---

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचंही बरोबर आहे, समिती जेवते खरी.

घाटावरच्या भावांनी सांगितला तसा अर्ज केला, एका पानाचा. नवऱ्यानं टाइप केला. सरांनी वाचला, "वेळापत्रक बघतो" म्हणाले आणि ठेवून घेतला. नाही म्हणाले नाहीत. धोरणाची प्रत मागितली, तर क्लार्कनं मलाच विचारलं, ते कुठल्या फाईलला असतं?

तोवर त्या मुलाला दुपारी शेजारी बसवून पावत्यांचं सगळं समजावलं. काल कारखान्यातून त्याचा फोन आला. "मॅडम, २०१८ च्या नोंदी मिळाल्या, पण आजोबांच्या नावावर गट नंबर वेगळाच दिसतोय." वाटणी झाली असणार. जुना फेरफार काढायला सांगितलाय. सोमवारी तलाठ्याकडे जायचंय, दुपारी. मीही जातेय.