नोटर डेमच्या पिवळ्या विटा कुणी जवळून पाहिल्यात का?

भट्टीवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. माझी भाची अमेरिकेत इंडियाना राज्यात नोटर डेम विद्यापीठात एम.एस. करतेय. मे महिन्यात तिचं पदवीदान. आक्काला एकटीला विमानाची भीती वाटते, म्हणून मीही निघालोय. व्हिसा झालाय, शेंगाचटणी किती न्यावी यावर घरात दोनदा भांडणही झालंय.

प्रश्न विटांचा आहे. अक्कलकोट रोडला आमची वीटभट्टी आहे, वडिलांपासूनची. भाचीनं तिथल्या मेन बिल्डिंगचे फोटो धाडले. घरातले सगळे वरचा सोनेरी घुमट बघत होते, मी फोटो मोठा करून भिंत बघत बसलो. वीट पिवळी आहे ओ. वरून रंग मारलेला नाही, अंगचीच पिवळी, तूप जरा जास्त कढलं की होतं तशी. शेजारच्या जुन्या इमारतीही त्याच विटेच्या.

भाची म्हणते, आवारातल्याच तळ्यांमधला चुन्याचा गाळ काढून या विटा पाडल्या. इथंच माझं अडलंय. चुना म्हणजे विटेचा वैरी. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. हरभऱ्याएवढा एक जरी राहिला तरी भट्टीत त्याची कळी (कळीचा चुना) होते, आणि पाणी लागलं की ती फुगून विटेची कपची उडवते. वीसेक वर्षांपूर्वी मी एका कंपाउंडला आठ हजार विटा दिल्या, पहिल्या पावसात भिंतीला देवी आल्यासारखी दिसली. चूक माझीच, माती चाळायचा आळस केला. पैसे परत दिले. तो गृहस्थ अजून लग्नकार्यात भेटला की विचारतो, "काय भट्टीवाले, यंदा पाऊस कसाय?"

मग यांच्या विटा दीडशे वर्षं टिकल्या कशा? आणि पादरी लोकांना वीट पाडायला शिकवलं कुणी?

हिप्परग्याचा_हूजियर

मामा, मी साउथ बेंडला, म्हणजे विद्यापीठाच्या लगतच्या शहरात, सहा वर्षं होतो, रविवारी त्या तळ्यांभोवती फेरी ठरलेली. आजवर मला कुणी घुमट सोडून विटेबद्दल विचारलं नव्हतं.

एडवर्ड सोरिन हा २८ वर्षांचा फ्रेंच पाद्री १८४२च्या नोव्हेंबरात काही ब्रदरना घेऊन तिथं पोचला. सगळीकडे बर्फ. तळी खरं म्हणजे दोन आहेत, पण बर्फाखाली एकच वाटलं म्हणून विद्यापीठाच्या पूर्ण नावात ‘दु लाक’ म्हणजे ‘तळ्याकाठची’ असं एकवचनी फ्रेंच शेपूट लागलं, असं तिथं सांगतात. नाव मेरीमातेचं. जागेवर जवळजवळ काहीच नव्हतं, आणि १८४४च्या जानेवारीत राज्यानं त्यांना विद्यापीठाची सनद दिली! आपल्याकडे फाईल पुढं सरकायला त्याहून जास्त दिवस लागतात.

शिकवलं कुणी म्हणाल तर, तो सगळा पाद्र्यांचा ताफा नव्हता. त्यांच्या होली क्रॉस संघात ‘ब्रदर’ असतात. व्रत घेतलेले, पण मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना न चालवणारे. शेती, सुतारकाम, वीट पाडणं, शिकवणं, सगळं तेच बघायचे. तळ्याच्या तळाशी पांढरट, लोण्यासारखा मऊ गाळ आहे, मार्ल म्हणतात त्याला. ओल्ड कॉलेज ही १८४३ची छोटी इमारत तळ्याकाठी अजून उभी आहे. मेन बिल्डिंगच्या आधी तुम्ही ती बघा. तिथं विटेला हात लावता येतो, कुणी हटकत नाही.

आता मेन बिल्डिंग. २३ एप्रिल १८७९ला छपरापासून आग लागली आणि आधीची इमारत जळून गेली. वाचनालय, वस्तू, सगळं. पोरांना घरी धाडलं. सोरिन पासष्टीचे झालेले, प्रवासाला निघालेले, ते परत फिरले. आपण मेरीमातेसाठी फारच लहान घर बांधलं होतं, विटा गार झाल्या की उद्याच मोठं बांधायला घेऊ, असं ते बोलल्याची आख्यायिका आहे. शिकागोच्या विलोबी एडब्रुकचा आराखडा घेतला आणि सप्टेंबरात वर्ग भरलेसुद्धा. घुमट नंतर चढला, त्याला सोन्याचा वर्ख १८८६ मध्ये. खर्चाला संस्थेतलीच माणसं तयार नव्हती, पण म्हातारा हटून बसला.

भट्टीवाला_सोलापूर

विटा गार झाल्या की! हे बोलणारा माणूस भट्टीवर उभा राहिलेला असणार. पेटलेली भट्टी गार व्हायची वाट बघणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. घाईनं उघडली की माल तडकतो.

एप्रिल ते सप्टेंबर मात्र झोपेत हिशोब मांडला तरी बसेना. एवढा माल पाडायचा, वाळवायचा, भाजायचा, वर बांधायचा. मजूर किती लावले असतील! पण चुन्याचं कोडं राहिलंच की.

मातीकामवाली

काका, मी सिरॅमिक्स शिकवते. तुमचा खडा आणि त्यांचा गाळ यात चुना तोच, कण वेगळा. खडा भट्टीत सुटा राहतो. त्याच्या पोटातल्या चुन्याला माती भेटतच नाही, म्हणून तो कळीचा चुना होऊन बसतो आणि पाण्याची वाट बघतो. मार्लमध्ये चुना पिठासारखा बारीक असून मातीच्या कणाकणाशी मिसळलेला असतो. भाजणी पुरेशी तापली की तो मातीतल्या वाळूच्या अंशाशी जोडला जातो. सुटा चुना फारसा उरतच नाही, तर फुगणार काय?

रंगाचंही तेच. आपली वीट लाल होते ती मातीतल्या लोहामुळं. भरपूर बारीक चुना असला की लोह त्याच्याबरोबर दुसऱ्याच संयुगांत अडकतं आणि लाली जाऊन पिवळट छटा येते. भाजणी कमी पडली तर अशी वीट गुलाबीसर राहते. म्हणजे आपल्याकडे फिकी वीट कच्ची, तिथं पिवळी वीट पक्की. मिलवॉकी शहरात अशाच विटांच्या इतक्या इमारती आहेत की त्याला क्रीम सिटी म्हणतात.

भट्टीवाला_सोलापूर

ताई, तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे चाळण्यापेक्षा दळायला हवं होतं! त्या कंपाउंडवाल्याला आता सांगून उपयोग नाही.

आमच्या सिद्धेश्वर तळ्याचा गाळ निघाला की वाटतं, सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात माणसं जमवून तळं खणलं, ती माती कुठं गेली असेल? आता कुणीतरी गाळाची एक मूठ मला आणून द्या, एक वीट भाजून बघतो.

बाळीवेस_४७

मामा, कॅथलिक लोकांचं ना ते? आपल्या पोरीला प्रार्थनेला बसवत नाहीत ना बे?

हिप्परग्याचा_हूजियर

नाही ओ. सगळ्या धर्मांची पोरं असतात, सक्ती नाही. बाकी तिथं १९७२पर्यंत पदवीच्या वर्गाला मुलीच घेत नव्हते, आज तुमची भाची तिथनं मास्टर्स होतेय.

मामा, आणखी दोन गोष्टी बघा. बॅसिलिकाच्या, म्हणजे आवारातल्या मोठ्या चर्चच्या, रंगीत काचा फ्रान्समधल्या ल मान्सच्या कार्मेलाइट जोगिणींच्या कारखान्यातल्या. आणि मागं ग्रोटो आहे, फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राच्या गुहेची लहान प्रतिकृती, १८९६ची. दगड एकावर एक रचलेले, आत मेणबत्त्या. परीक्षेच्या आदल्या रात्री तिथं जी गर्दी होते ती बघून मला आपली गड्डा यात्रा आठवायची. मेन बिल्डिंगमध्ये लुइजी ग्रेगोरीनं काढलेली कोलंबसची भित्तिचित्रं आहेत. त्यात तिथल्या मूळ लोकांचं चित्रण अपमानकारक वाटतं म्हणून आता झाकून ठेवलीत.

एक लक्षात ठेवा. मेन बिल्डिंगच्या समोरच्या पायऱ्या पदवी मिळेपर्यंत विद्यार्थी चढत नाहीत, असा रिवाज आहे. तुम्ही पाहुणे, खुशाल चढा. पण भाचीला त्या दिवसाआधी ओढून नेऊ नका, तिचे मित्र चिडवतील.

भट्टीवाला_सोलापूर

कळवलं तिला. हेही सांगितलंय की पट्टी घेऊन जा आणि एका विटेची लांबी, उंची आणि मधल्या सांध्याची जाडी मोजून धाड. तिनं पट्टी धरून फोटो पाठवला, मागं दोन पोरं हसताना दिसतात.

आक्का आत्ता वाचून म्हणाली, पोरगी पदवी घेऊन बाहेर येईल तेव्हा तरी भिंतीकडं पाठ करून उभा राहा.