सरकारचा प्रवास-इशारा आलाय, तरी क्रूझला जावं का?

भिरभिरे:
मंडळी, सल्ला हवाय. आईबाबांना घेऊन आठवडाभराची क्रूझ बुक केलीय, पैसे जवळजवळ सगळे भरून झालेत, आणि आता वाटेतल्या एका बंदराच्या देशाबद्दल आमच्या सरकारने इशारा काढलाय, "प्रवासाचा फेरविचार करा" छापाचा, कारण गुन्हेगारी. बाकीच्या बंदरांबद्दल काही नाही. आईचं म्हणणं, एवढी मोठी कंपनी आहे, धोका असता तर त्यांनी जहाज नेलंच नसतं. बाबा म्हणतात सरकार नको म्हणतंय तर गप घरी बसा. एजंट म्हणतो "काही होत नाही हो, सगळे जातात". आता रद्द केलं तर पैसे बुडणार, गेलो तर जिवाला घोर. नक्की कशावरून ठरवायचं?

हिशेबी:
आधी तो इशारा पूर्ण उघडून वाचा, नुसता मथळा नको. अमेरिकेचं परराष्ट्र खातं चार पातळ्या लावतं, पहिली नेहमीची काळजी घ्या, दुसरी जास्त सावध रहा, तिसरी फेरविचार करा, चौथी जाऊच नका. पण आत बऱ्याचदा भागवार माहिती असते. मेक्सिकोचं तर राज्याराज्याला वेगळं आहे. तुमचं बंदर नेमकं त्या भागात येतं का ते बघा.

मग प्रवासविम्याची पॉलिसी उघडून वाचा, खरं घोडं तिथेच अडतं. ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याने "अत्यावश्यक सोडून प्रवास नको" किंवा "अजिबात नको" म्हटलं आणि तरी गेलात की नेहमीच्या पॉलिसीचं कव्हर सहसा जातं. इतर ठिकाणी नियम वेगळे, पण एक गोष्ट बहुतेक सगळीकडे सारखी, इशारा आल्यानंतर पॉलिसी घेतली तर "हे तुम्हाला आधीच माहीत होतं" म्हणून कंपनी हात वर करते. तुम्ही आधी घेतलीत की नंतर?

आणि नुसती भीती वाटली म्हणून रद्द केलं तर साधी पॉलिसी काही देत नाही. त्यासाठी "कुठल्याही कारणाने रद्द" असं वेगळं कव्हर असतं, अमेरिकेत ते पहिले पैसे भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत घ्यावं लागतं आणि त्यातही 50 ते 75 टक्केच परत मिळतात.

खलाशीबुवा:
आईंचा मुद्दा अर्धा बरोबर. कंपन्यांचे स्वतःचे सुरक्षावाले असतात आणि त्या बंदरं गाळतातही. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर कितीतरी सफरी रद्द झाल्या, काही जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. पण उलटंही आहे. हैतीला अमेरिकेची चौथी पातळी लागलेली असतानाही लॅबडीच्या कुंपणातल्या खाजगी किनाऱ्यावर जहाजं लागत होती, मग 2024 मध्ये कंपनीला थांबे बंद करावे लागले. म्हणजे जहाज जातंय एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

धोका जहाजावर कमी, बंदरात उतरल्यावर जास्त. मार्च 2015 मध्ये ट्युनिशियाच्या राजधानीत, ट्युनिसला, बार्डो संग्रहालयावर दहशतवादी हल्ला झाला, त्यात मारले गेलेले बरेचसे पर्यटक बंदरात लागलेल्या क्रूझ जहाजांवरूनच आले होते. त्यानंतर कंपन्यांनी ते बंदरच सोडलं.

माझं मत विचाराल तर एकाच बंदराचा प्रश्न असेल तर जा, त्या दिवशी उतरू नका. अर्धं जहाज रिकामं, पोहायचा तलाव मोकळा, मस्त वेळ जातो. उतरायचंच असेल तर जहाजातर्फे मिळणारीच सहल घ्या, तिला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतःची टॅक्सी करून फिरलात तर नाही थांबत.

भिरभिरे:
पॉलिसी आधीचीच आहे, सुटले! पण उतरलोच नाही तरी त्या देशात गेलो असं धरतात का? आणि कंपनीने आयत्या वेळी ते बंदर गाळलं तर काही परत मिळतं?

हिशेबी:
पहिल्याचं उत्तर पॉलिसीगणिक वेगळं. फोनवर विचारू नका, ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा, फोनवरचा माणूस "हो हो चालेल" म्हणतो आणि क्लेमच्या वेळी तो सापडत नाही. दुसऱ्याचं, तिकिटाच्या करारात बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवलेलाच असतो, फार तर त्या बंदराचे कर आणि फी परत येते.

झुळूक:
सगळे बंदरावरच बोलताय, आईबाबांची तब्येत कशी आहे ते कुणीच विचारलं नाही. कधीकधी इशारा जहाजप्रवासावरच असतो, तेव्हा "उतरू नका" हा उपाय फुकट. 30 डिसेंबर 2021 ला कोविडमुळे अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, लस घेतलेली असो वा नसो, क्रूझ टाळा असं सांगितलं होतं आणि इशारा पूर्ण उठला मार्च 2022 च्या शेवटी. तसं असेल तर वयस्कर माणसांना घेऊन मी तरी जाणार नाही, पैसे बुडाले तरी चालतील. तुमचं तसं नाहीये, म्हणून मी खलाशीबुवांच्या बाजूने. फक्त पॉलिसीत आजारी माणसाला जहाजावरून हलवून आणायचा खर्च किती धरलाय ते बघा. जहाजावर डॉक्टर असतो पण हृदयाचं मोठं काही झालं तर किनाऱ्यावर न्यावंच लागतं, आणि जवळचा किनारा नेमका त्या इशाऱ्यावाल्या देशाचा निघाला तर तिथे इलाजाचे पैसे मिळणार का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.