मदत हवी आहे: सिबिलवर ‘सेटल्ड’ शेरा आहे, गृहकर्ज कसं मिळवायचं?

लॉकडाऊनमध्ये धंदा बसला, तेव्हा पर्सनल लोन तडजोडीत मिटवलं. नो ड्यूज सर्टिफिकेट हातात आहे, पण सिबिलच्या रिपोर्टमध्ये (कर्जफेडीच्या नोंदींमध्ये) त्या खात्यापुढे आजही ‘सेटल्ड’ आहे आणि माफ झालेली सुमारे ८५ हजारांची रक्कम दिसते. त्यानंतर नोकरी धरली. एकही हप्ता चुकलेला नाही. स्कोअर सध्या ७२८.

बदलापूरला ४२ लाखांचा रीसेल फ्लॅट बघितलाय, ३२ लाख कर्ज हवंय. सरकारी बँकेने स्कोअर बघून फाईल घेतली आणि शेरा दिसताच परत केली. हाउसिंग फायनान्स कंपनी तयार आहे, पण व्याज पावणेबारा टक्के! एवढ्या व्याजाने घ्यायची इच्छा नाही.

फक्त बायकोच्या नावावर घ्यायचा विचार केला. मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळाली असती. पण तिच्या ३८ हजार पगारावर एवढं कर्ज बसत नाही, आणि मला सहअर्जदार केलं की माझा रिपोर्ट आलाच. एजंट ‘शेरा काढून देतो’ म्हणून पैसे मागतात, तो मार्ग नको.

आता मूळ बँकेला माफ केलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलेलं) करून घ्यावं म्हणतोय. अडचण अशी, की बँकेने ते खातं अ‍ॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला (बँकांची थकीत कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलं होतं आणि तडजोड तिच्याशीच झाली. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

अशा केसमध्ये पैसे कोणाला भरायचे, सिबिलला दुरुस्ती कोण कळवतं? आणि ‘क्लोज्ड’ झाल्यावर कुणाला सरकारी बँकेतून कर्ज खरंच मिळालंय का, की तिथे जुनी नोंद तरीही आडवी येते?