काल्पनिक प्राण्यांची शिंगे: दुर्मीळ कशाला म्हणावे?

रेघोटी:

नमस्कार. आम्ही सहा चित्रकार गेली तीन वर्षे ‘धुकेर’ नावाची एक काल्पनिक प्राणिजात घडवत आहोत. अंगाने लांडग्यासारखा, पायांना दुभंगलेले खूर, शेपूट अंगापेक्षा लांब आणि डोक्यावर शिंगे, असे त्याचे साधारण रूप आहे. जातीच्या नियमपत्रकात आम्ही शिंगांच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या. आखूड सरळ शिंगांची जोडी सर्वसामान्य, मागे वळलेली किंवा पिळाची जोडी विरळ, चार शिंगे दुर्मीळ, आणि फांद्या फुटलेली शिंगे किंवा कपाळाच्या मधोमध उगवलेले एकच शिंग अतिदुर्मीळ. नवा धुकेर काढणाऱ्याने सर्वसामान्य प्रकार खुशाल वापरावा, वरच्या पायऱ्यांसाठी मात्र आमची परवानगी घ्यावी, असा नियम होता.

मागच्या आठवड्यात मी नोंदवहीतले सगळे धुकेर मोजले. एकूण १४० भरले. त्यांत आखूड सरळ शिंगांचे अवघे २३ आणि फांद्यांच्या शिंगांचे ३८ निघाले. म्हणजे पत्रकात जे अतिदुर्मीळ आहे, तेच कळपात सर्वांत जास्त. दोष आमचाच आहे, कारण हौसेने मागणाऱ्याला नाही म्हणणे आमच्यापैकी कोणालाच जमले नाही. आता पत्रक नव्याने लिहायला घेतले आहे. दिसायला जितके भपकेदार तितके दुर्मीळ, हा आमचा आजवरचा हिशेब होता. खऱ्या प्राण्यांत शिंगांची दुर्मीळता कशावरून ठरते, आणि तो हिशेब काल्पनिक जातीला लावता येईल का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

कवटीवाचक:

आपल्या पत्रकातली पहिली अडचण दुर्मीळतेची नाहीच. ‘शिंग’ या एका शब्दाखाली आपण अगदी वेगवेगळ्या वस्तू एकत्र ठेवल्या आहेत, आणि मराठीत गाय, सांबर व गेंडा या तिघांनाही शिंगेच असल्यामुळे हा घोटाळा सहज होतो.

गाय, शेळी, मेंढी आणि काळवीट-चिंकाऱ्यासारखे कुरंग यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर केराटिनचे, म्हणजे आपली नखे ज्याची बनतात त्या द्रव्याचे, कवच असते. हे शिंग गळत नाही, वर्षानुवर्षे वाढत राहते आणि त्याला फांद्या फुटत नाहीत. चितळ, सांबर, बारशिंगा या सारंगांची शिंगे म्हणजे भरीव हाड. वाढीच्या काळात त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. वाढ पुरी झाली की ती सुकते, प्राणी झाडाझुडपांवर शिंगे घासून ती सोलून काढतो, आणि पुढे सबंध शिंगच गळून नवे येते. गेंड्याच्या शिंगात हाडाचा गाभाच नसतो, ते नुसते केराटिन असते. जिराफाच्या डोक्यावरचे खुंट हाडाचे खरे, पण ते कायम केसाळ कातडीत झाकलेले.

चित्रकाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाढीची दिशा. मेंढीचे शिंग बुडाशी वाढते आणि जुना भाग पुढे ढकलला जातो, त्यामुळे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग असतो. बुडाची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जलद वाढली की शिंग वळते, आणि त्याच्या जोडीला थोडे वळण बाहेरच्या अंगाला मिळाले की पीळ पडतो. म्हणून वळलेले शिंग आणि पिळाचे शिंग यांत फार मोठे अंतर नाही. वाढीच्या वेगातला लहानसा फरक तेवढा पुरतो. सारंगाचे शिंग मात्र टोकाकडून वाढते, आणि वाढते टोक दुभागले तरच फांदी फुटते. तेव्हा आपल्या धुकेराचे शिंग जन्मभर टिकणारे असेल, तर फांद्यांचे शिंग ही त्याची दुर्मीळ आवृत्ती ठरत नाही. तो निराळाच अवयव आहे. उत्तर अमेरिकेतील प्रॉन्गहॉर्न या प्राण्याच्या शिंगाला एक फाटा असतो, पण तो फक्त कवचाला असतो. आतले हाड बिनफाट्याचे असते आणि ते कवच दरवर्षी गळते. निसर्गाने या बाबतीत दिलेली सवलत मला माहीत आहे ती एवढीच.

शंभरातएक:

कवटीवाचक यांनी शिंगाची घडण सांगितली, मी मोजणीकडे वळतो.

एकाच जातीत शिंगांचे अनेक प्रकार नांदतात याचे चांगले उदाहरण म्हणजे स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवरील सोए मेंढ्या. त्यांच्यात काहींना पूर्ण वाढलेली शिंगे असतात, काहींना खुरटी, तर काही माद्यांना मुळीच नसतात, आणि या फरकामागे मुख्यतः आरएक्सएफपी-२ हे एक जनुक आहे. मोठ्या शिंगांच्या नरांना संतती जास्त होते, मग लहान शिंगांचे जनुक केव्हाच नाहीसे व्हायला हवे होते. ते का होत नाही, याचा उलगडा २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाला. लहान शिंगांचे नर जास्त जगतात, आणि दोन्ही प्रकारचे जनुक एकेक मिळालेल्या नरांना दोन्ही फायदे बऱ्याच अंशी मिळतात. दुर्मीळ प्रकार कळपात टिकायचा तर तो कोणाला तरी परवडला पाहिजे, हे यातून धुकेरांसाठी घेता येईल.

प्रभावी जनुक म्हणजे सर्वत्र आढळणारे जनुक, हा समज पत्रकात शिरू देऊ नये. गाईबैलांत बिनशिंगीपणा प्रभावी आहे, एका पालकाकडून मिळाला तरी पुरतो. तरीही अनेक जातींची बहुतेक जनावरे शिंगांचीच असतात, कारण त्या जातींत ते जनुकच थोड्यांकडे आहे. उलट, एखादे लक्षण अप्रभावी असेल, म्हणजे दोन्ही पालकांकडून मिळाले तरच दिसत असेल, आणि जातीतल्या जनुकाच्या एकूण प्रतींपैकी १० टक्के प्रती त्या जनुकाच्या असतील, तर ते लक्षण प्रत्यक्ष १०० पैकी एकातच दिसेल, पण आणखी १८ जण ते गुपचूप पुढच्या पिढीकडे नेत असतील. साध्या शिंगांच्या धुकेर आईबापांच्या पोटी अचानक चारशिंगी पिल्लू निघू शकेल, ते असे. चित्रकथेला हा मसाला फुकटचा आहे.

आता आपल्या १४० धुकेरांकडे पाहू. एखादा प्रकार शंभरात एक असावा असे ठरवून प्रत्येक नव्या धुकेरासाठी दहा बाजूंचे दोन फासे टाकले, एक दशकाचा आणि एक एककाचा, तर १४० पैकी एकालाही तो प्रकार न मिळण्याची शक्यता सुमारे २४ टक्के येते. म्हणजे आपला अतिदुर्मीळ प्रकार पत्रकात लिहिलेला असूनही कोणी कधी पाहिलेला नाही, असे सहज घडू शकते. लहान कळपात शंभरात एक हे प्रमाण फार कडक आहे, वीसात एक पुरे. आणि फासा टाकल्यावर जे येईल ते मान्य करावे. मागणाऱ्याला नाही म्हणण्याचे काम फासा करतो आणि त्याच्यावर कोणी रुसत नाही.

जाडरेघ:

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण त्यांच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. कागदावरच्या प्राण्याचे प्रजनन आवडीने होते, जनुकांनी नव्हे. आखूड सरळ शिंगे २३ वर का थांबली? ती सर्वसामान्य आहेत म्हणून नव्हे. ती कोणी मन लावून काढलीच नाहीत म्हणून. पत्रकात त्या प्रकाराचे चित्र असेल तर पुन्हा पाहावे. माझा अंदाज आहे की तिथे दोन गुळगुळीत शंकू असतील.

साध्या शिंगात काढण्यासारखे किती असते, ते आयबेक्स या डोंगरी रानशेळीच्या किंवा रानमेंढीच्या शिंगाचे छायाचित्र मोठे करून पाहावे. हिवाळ्यात वाढ मंदावते, त्यामुळे शिंगावर वर्षावर्षाची वळी उमटतात. पहिल्या वर्षांची वळी टोकाकडे असतात, वय वाढेल तशी ती बुडाशी दाट होत जातात, आणि मोजता आली तर प्राण्याचे वय सांगतात. टोक झिजून बोथट झालेले असते, एखाद्याचे तुटलेले असते, आणि गायवर्गाच्या शिंगाचे तुटलेले टोक पुन्हा येत नाही. म्हणजे तिसऱ्या वर्षीच्या टकरीची खूण तो प्राणी मरेपर्यंत डोक्यावर वागवतो. सारंगाला हे भाग्य नाही, त्याची खूण पुढच्या शिंगाबरोबर पुसली जाते. वळ्यांसकट काढलेल्या आखूड शिंगापुढे आपली ३८ झुंबरे फिकी पडतील असे मला वाटते.

दुर्मीळता जन्मावरच का ठरावी, हेही विचारून पाहावे. शेणकिड्यांच्या काही जातींत अळीला पुरेसे खाद्य मिळून ती एका मर्यादेपलीकडे वाढली, तरच त्यातून मोठ्या शिंगाचा नर निघतो. कुपोषित भावाला नुसता उंचवटा येतो. अशी अट घातली की दुर्मीळ शिंग मागणाऱ्याला त्या धुकेराचे बालपणही लिहावे लागेल.

शशशृंग:

नाव घेतले आहे तेच असे, की या धाग्यावर न येणे शोभले नसते. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, मुळीच नसलेल्या वस्तूचा दाखला म्हणून सशाचे शिंग पुढे केले जाते. गंमत अशी, की उत्तर अमेरिकेतील कॉटनटेल सशांच्या तोंडाभोवती खरोखरच शिंगासारख्या केराटिनच्या वाढी येतात. त्या एका विषाणूमुळे येतात, हे रिचर्ड शोप यांनी १९३३ साली दाखवले. दुर्मीळ शिंग आजारानेही येऊ शकते आणि ते मिरवण्यासारखे नसते. सशाला कधी कधी त्यामुळे खाताही येत नाही. चार शिंगांच्या मेंढ्यांतही अशी किंमत दिसते. शिंगांचा कोंब दुभागणाऱ्या त्याच बदलाबरोबर काहींची वरची पापणी मधोमध चिरलेली निघते. चौशिंग्याचे मात्र तसे नाही. त्याच्यात पूर्ण वाढलेल्या नराला सहसा चार शिंगे असतातच, मागची जोडी लांब आणि पुढची आखूड. म्हणून चार ही संख्या मुळात दुर्मीळ नाही, ज्या जातीत दोन अपेक्षित आहेत तिथे ती दुर्मीळ होते.

एकाच शिंगाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पत्रकात ते फांद्यांच्या शेजारी बसवलेले पाहून खटकले. १९३३ सालीच अमेरिकेतील मेन विद्यापीठात फ्रँकलिन डव्ह यांनी नुकत्याच जन्मलेल्या गोऱ्ह्याच्या शिंगांचे दोन्ही कोंब उचलून कपाळाच्या मध्यावर शेजारी शेजारी लावले. ते एकमेकांत मिसळले आणि त्या बैलाला एकच शिंग आले. शिंगाचा कोंब सुरुवातीला कवटीचा भाग नसतो, तो वरच्या ऊतीत असतो आणि मागाहून कवटीला जुळतो, हे त्यातून दिसले. तेव्हा एकशिंगी धुकेराचे दोन मार्ग आहेत. एक, जोडीचे कोंब चुकून एकत्र आले. मग बुड रुंद असेल आणि मधून जोडाची पुसट रेघ काढता येईल. दुसरा, शिंग मुळातच मध्यरेषेवर उगवते, जसे भारतीय गेंड्याचे. पण मग ते सगळ्या जातीला असेल आणि त्यात दुर्मीळ काही उरणार नाही.

पीळ काढताना एका गोष्टीकडे लक्ष असावे. जोडीच्या शिंगांचे पीळ एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, उजवे एका अंगाने तर डावे दुसऱ्या. नारव्हाल या देवमाशाचा ‘शिंग’ म्हणून प्रसिद्ध असलेला सुळा हा प्रत्यक्षात वरच्या जबड्यातला डावा दात आहे आणि त्याचा पीळ डावीकडेच जातो. क्वचित एखाद्या नारव्हालला दोन्ही सुळे येतात, तेव्हाही दोघांचे पीळ एकाच दिशेने असतात, आरशासारखे नाहीत. नोंदवहीत कोणी दोन्ही शिंगे एकाच दिशेने पिळलेली काढली असतील, तर त्यांना चूक म्हणू नये, अतिदुर्मीळ म्हणून नोंदवावे.

रेघोटी:

सर्वांचे मनापासून आभार. जाडरेघ यांचा अंदाज बरोबर निघाला. पत्रकात दोन गुळगुळीत शंकूच आहेत, आणि ते मीच काढलेले आहेत. शशशृंग यांनी लिहिल्यावर पिळाची शिंगे तपासली. ३१ पैकी चौघांचे दोन्ही पीळ एकाच दिशेने आहेत. चारही चित्रे एकाच हातची आहेत, त्यामुळे हेतू होता असे वाटत नाही, पण चारही आता अतिदुर्मीळ.

खरा पेच ३८ जणांचा आहे. लोकांनी जीव लावलेले प्राणी पत्रकाबाहेर काढणे मला पटत नाही. कवटीवाचक म्हणतात त्याप्रमाणे फांद्यांच्या शिंगांची वेगळी शाखा केली, ती शिंगे दरवर्षी गळतात असे ठरवले, तर कसे वाटते? दुर्मीळतेची पायरी काढून टाकायची, आणि वर्षातले काही महिने त्या ३८ जणांना मुंड्या डोक्याने काढायचे.

कवटीवाचक:

उत्तम तोडगा आहे. नर आणि मादी यांचा काळ वेगळा ठेवावा. रेनडिअरमध्ये माद्यांनाही शिंगे असतात. मोठे नर माजाचा हंगाम संपल्यावर हिवाळ्याच्या सुरुवातीलाच शिंगे टाकतात, तर गाभण माद्या ती वसंतात वीण होईपर्यंत बाळगतात. त्यामुळे भर हिवाळ्यात शिंगवाली ती मादी आणि बोडका तो थोर नर, असे चित्र मिळते. मखमलीतली अर्धवट शिंगे काढायला विसरू नये.

जाडरेघ:

रेघोटीताई, एक शंका. दरवर्षी ३८ जोड्या गळणार असतील, तर तीन वर्षांत धुकेरांच्या रानात शिंगांचा खच पडायला हवा. तो एकाही चित्रात दिसत नाही.

शशशृंग:

साळिंदर हवे. गळालेली शिंगे ते कुरतडते, कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी. तुमच्या रानात अजून कुरतडणारा कोणीच प्राणी नाही, असे दिसते.

रेघोटी:

नाही. त्याच्यासाठी नवा धागा काढते.