मदत हवी आहे: जपानच्या ओकिनावात जानेवारीतला साकुरा (चेरीचा बहर), आई-बाबांसोबत

जानेवारीअखेर आई-बाबांना घेऊन नाहा शहरातून याएदाके डोंगरावर साकुरा बघायला जायचंय. सकाळी निघून रात्री परत. तिथली फुलं गडद गुलाबी, घंटेसारखी खाली झुकलेली. थंडी पडली की आधी माथ्यावर फुलतात, मग बहर खाली उतरत येतो. म्हणून विचारते, महिनाअखेरीस वरचा बहर ओसरलेला असतो का?

गाडी भाड्याने घेणार आहोत. डोंगर ४५३ मीटरचाच, पण आईचे गुडघे दुखतात, चढ जमत नाही. वाटेत गाडी लावून तिला झाडांखाली निवांत बसता येईल अशी जागा आहे का? नाकिजिन किल्ल्यातला साकुराही त्याच दिवशी होईल का? तिथल्या पायऱ्यांचीच जास्त काळजी वाटते.

कुणी वयस्कर मंडळींना नेलं असेल तर प्लीज सांगा.